‘रिप्यूडिएट’ म्हणजे नेमकं काय: नागपुरात कागदपत्रांच्या कामाला नव्यानं लागलेल्यांसाठी

सिव्हिल लाइन्समध्ये एखाद्या वकिलाकडे बसायला लागलात, विमा एजंटाच्या ऑफिसात पत्रं हाताळू लागलात किंवा जिल्हा न्यायालयाच्या आसपास भाषांतराची कामं घेऊ लागलात, की ‘रिप्यूडिएट’ हे इंग्रजी क्रियापद फार दिवस लांब राहत नाही. बोलण्यात ते जवळजवळ येत नाही. येतं ते नोटिशीत, निकालात आणि विमा कंपनीच्या पत्रात. शब्दकोशात ‘नाकारणे’ असा अर्थ मिळतो. तो लिहून आपण पुढच्या ओळीवर जातो आणि पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हातातून निसटतो.

आपल्याकडे हे जास्त घडतं, त्याला कारण आहे. काटोलच्या बागाईतदाराचा सौदा मराठीत ठरतो आणि मराठीतच मोडतो. वाद वाढत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, की राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे तिथलं कामकाज इंग्रजीत चालतं. फोनवर कोणी ‘मी नाही मानत तो सौदा’ म्हटलेलं असतं, ते कागदावर ‘रिप्यूडिएशन’ होऊन बसतं. निकाल घेऊन तोच बागाईतदार परत येतो आणि विचारतो, ‘भाऊ, याच्यात काय लिहिलं आहे, सांगा ना.’ दोन्ही वेळा मधे तुम्हीच असता.

पायरी पहिली: शब्दाचा गाभा धरा

हे क्रियापद वापरणारा माणूस एक विशिष्ट गोष्ट सांगत असतो: ‘हे मला बांधत नाही.’ ज्या बंधनात तो आहे, किंवा समोरच्याच्या मते आहे, त्या बंधनालाच तो मानत नाही. साध्या नकारात एखादी गोष्ट करायला, घ्यायला किंवा द्यायला नाही म्हटलेलं असतं. इथे नकार नात्याला असतो. मग ते नातं कराराचं असो, कर्जाचं असो, लग्नाचं असो, की एखाद्या विचाराशी आपलं नाव जोडलं जाण्याचं असो.

शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. रोमन लोक ‘रेपुडियम’ म्हणत ते वाग्दान किंवा लग्न मोडण्याला, आणि असं मोडल्याचा निरोप ‘पाठवला’ जाई. मराठीतल्या सोडचिठ्ठीची आठवण होते. ‘फारकत’ तर त्याहून जवळचा शब्द आहे, कारण आपल्याकडे फारकत नवरा-बायकोचीही होते आणि भागीदारांचीही. इंग्रजी शब्दही लग्नापासून निघून हळूहळू कर्ज, करार, तह आणि आरोप यांच्यापर्यंत पसरला.

जुना अर्थ आजही आपल्या कायद्यात जिवंत आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्यात १९७६ च्या दुरुस्तीनं कलम १३ मध्ये एक तरतूद आली. पंधरा वर्षं पूर्ण होण्याआधी जिचं लग्न लावून दिलं, त्या मुलीनं पंधरा पूर्ण झाल्यावर पण अठरा पूर्ण होण्याआधी ते लग्न ‘रिप्यूडिएट’ केलं असेल, तर तिला घटस्फोट मागता येतो. मुस्लिम विवाह विच्छेदाच्या १९३९ च्या कायद्यातही बालविवाह झालेल्या मुलीसाठी हाच शब्द आहे. या दोन्ही जागी ‘तिने लग्नाला नकार दिला’ असं भाषांतर केलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, लग्न झालंच नाही. लग्न झालेलं आहे. ‘हे लग्न मला मान्य नाही, ते मला बांधत नाही’ असं मुलीनं नंतर जाहीर केलं आहे. तिचा पुढचा सगळा हक्क या फरकावर उभा आहे, म्हणून इथे ‘विवाह अमान्य केला’ असंच लिहावं.

पायरी दुसरी: कर्म शोधा

वाक्यात हे क्रियापद दिसलं की अर्थ ठरवायची घाई करू नका. आधी बघा, रिप्यूडिएट काय केलं आहे. त्याचं कर्म नेहमी नाम असतं: करार, कर्ज, तह, दावा, आरोप, सही, अधिकार, विचारसरणी, हिंसा. त्याच्यापुढे दुसरं क्रियापद लागत नाही. ‘ही रिफ्यूज्ड टू पे’ हे बरोबर आहे, ‘ही रिप्यूडिएटेड टू पे’ असं इंग्रजी नाही. पैसे द्यायला नकार दिला, इतकंच सांगायचं असेल तर ‘रिफ्यूज’ पुरे. कर्जच आपलं मानत नाही असं सांगायचं असेल तेव्हाच ‘ही रिप्यूडिएटेड द डेट’.

चहाचं आमंत्रण, रजेचा अर्ज, नोकरीची ऑफर, दुकानदाराचा भाव, यातलं काहीही रिप्यूडिएट होत नाही. आमंत्रण ‘डिक्लाइन’ करतात, अर्ज ‘रिजेक्ट’ होतो. या गोष्टींत आधीचं बंधनच नसतं. उच्चार रि-प्यू-डि-एट, जोर ‘प्यू’वर. नाम ‘रिप्यूडिएशन’. वकिलांच्या लिखाणात ‘रिप्यूडिएटरी ब्रीच’ अशी जोडीही भेटेल, त्यातल्या ‘ब्रीच’कडे चौथ्या पायरीत येतो.

पायरी तिसरी: शेजारचे शब्द वेगळे करा

‘डिनाय’ म्हणजे एखादी गोष्ट खरी नाही असं म्हणणं. ‘रिफ्यूट’ म्हणजे पुरावा देऊन ती खोटी ठरवणं, खंडन करणं. वर्तमानपत्रांत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, पण तुम्ही तसं करू नका. आरोप रिफ्यूट केला असं लिहिलंत, तर वाचणारा पुरावा कुठे आहे ते विचारणारच. आरोप रिप्यूडिएट करणारा पुराव्यात शिरतही नाही. हा आरोप मला चिकटतच नाही, असं तो ठणकावून सांगतो. ‘रिव्होक’ आणि ‘रिसाइंड’ म्हणजे दिलेलं परत घेणं, रद्द करणं. ‘डिसओन’ बहुतेक माणसांबद्दल येतो, मुलाला घरातून आणि नात्यातून तोडलं अशा अर्थानं.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘रिनाउन्स’शी होतो. त्या दोघांमधला फरक समजायला नागपूरकराला फार लांब जावं लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतली एक प्रतिज्ञा जुन्या धर्माचा त्याग करून बुद्ध धम्म स्वीकारण्याची आहे. आजवर जे आपलं म्हणून होतं, ते सोडलं. हा ‘रिनाउन्स’. दुसरी एक प्रतिज्ञा म्हणते की बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचं सांगणं हा खोटा प्रचार आहे. तिथे सोडायला आपल्याजवळ काही नव्हतंच. दुसऱ्यानं आपल्यावर लादलेलं एक नातं अमान्य केलं आहे, आणि ते ‘रिप्यूडिएट’. एकाच दिवशी, एकाच जमिनीवर, एकाच प्रतिज्ञापत्रात या दोन्ही क्रिया शेजारीशेजारी उभ्या आहेत. मी नव्या मुलांना हेच उदाहरण देतो, कारण ते इथल्या प्रत्येकाच्या ओळखीचं आहे आणि फरक त्यात अगदी स्वच्छ दिसतो.

कर्जाच्या बाबतीत ‘डिफॉल्ट’ वेगळा ठेवा. हप्ता चुकला, पैसे नाहीत, देणं मान्य आहे पण देता येत नाही, तो डिफॉल्ट. १९१८ च्या फेब्रुवारीत रशियातल्या बोल्शेविक सरकारनं झारच्या राजवटीनं परदेशातून घेतलेली कर्जं रद्द जाहीर केली. ती कर्जं आमची नाहीत, आम्ही ती मानत नाही, अशी त्यांची भूमिका होती. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला ‘रिप्यूडिएशन’च म्हणतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हा शब्द बहुधा पहिल्यांदा याच प्रकरणात भेटतो.

पायरी चौथी: करार मोडणं आणि करार न मानणं

इथे जरा थांबावं लागेल, कारण वकिलाच्या ऑफिसातलं अर्धं काम याच फरकावर चालतं.

काटोल-नरखेडकडे संत्र्याचा बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्याला ठेक्यानं देतात. समजा सप्टेंबरमध्ये आंबिया बहाराचा सौदा ठरला, इसार म्हणजे आगाऊ रक्कम दिली, तोडणी नोव्हेंबरात करायची ठरली. नोव्हेंबरात व्यापाऱ्याची गाडी चार दिवस उशिरा आली, तर तो कराराचा भंग आहे. इंग्रजीत ‘ब्रीच’. व्यापाऱ्याला करार मान्य आहे, पाळताना तो चुकला. पण कळमन्याच्या बाजारात भाव पडले आणि ऑक्टोबरातच त्यानं फोन करून सांगितलं, ‘आपला काही सौदा नाही, मी माल उचलणार नाही,’ तर गोष्ट वेगळी झाली. तोडणीची तारीख यायची आहे, म्हणजे पाळायची वेळ आलेलीच नाही, तरी त्यानं करार झुगारला. हे रिप्यूडिएशन.

वेळ येण्याआधीच करार झुगारला तर लगेच दावा करता येतो का, की ठरलेल्या तारखेपर्यंत हात बांधून बसायचं? हा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयापुढे १८५३ मध्ये आला, होचस्टर विरुद्ध दे ला तूर या खटल्यात. युरोपच्या प्रवासात सोबत राहण्यासाठी एका माणसाला १ जून १८५२ पासून कामावर ठरवलं होतं. मे महिन्यातच मालकानं कळवलं, की तुमची गरज नाही. त्यानं जूनची वाट न पाहता दावा लावला आणि न्यायालयानं तो ऐकला. वाट बघायला लावणं म्हणजे त्याला दुसरं काम घेण्यापासून अडवणं, हा त्यामागचा विचार.

आपल्या भारतीय करार कायद्याचं, १८७२ च्या कायद्याचं, कलम ३९ याच वाटेनं जातं. एका पक्षानं आपलं वचन पूर्णपणे पाळायला नकार दिला, किंवा पाळता येणार नाही अशी स्थिती स्वतःच करून ठेवली, तर दुसऱ्याला करार संपवता येतो. मात्र करार चालू राहायला त्यानं शब्दानं किंवा वागण्यानं संमती दिलेली नसावी. कायद्यातच दिलेलं उदाहरण गायिकेचं आहे. दोन महिने आठवड्यातून दोन रात्री गायचं ठरलं, सहाव्या रात्री ती मुद्दाम आली नाही, तर नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला करार संपवता येतो. पण सातव्या रात्री त्यानं तिला गाऊ दिलं, तर सहाव्या रात्रीची भरपाई मागता येईल, करार संपवता येणार नाही.

नव्या माणसानं या गायिकेच्या उदाहरणातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: एकानं करार झुगारला म्हणून करार आपोआप संपत नाही. पुढचं पाऊल दुसऱ्याचं असतं. म्हणून बागाईतदार ऑफिसात आला, की त्याला आधी विचारा, ‘फोन आल्यावर तुम्ही काय म्हणालात?’ ‘बरं, पाहू दिवाळीनंतर’ असं म्हणाला असेल, तर समोरचा वकील त्याला संमतीचा रंग देऊ शकतो. फोन कोणत्या तारखेला आला, मेसेज आहे का, इसाराची पावती कुठे आहे, त्यानंतर माल दुसऱ्याला किती भावानं विकला, हे सगळं त्याच बैठकीत लिहून घ्या. भाषांतर करतानाही व्यापाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा. ‘आता नाही जमत’ आणि ‘आपला सौदाच नाही’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिल्यात करार मान्य असल्याची कबुली दडलेली असू शकते. दोन्हींसाठी इंग्रजीत एकच शब्द घातलात, तर एका पक्षाची बाजू तुम्हीच भरून दिल्यासारखं होईल.

करारभंग आणि करार न मानणं यांतला फरक राजकारणातही दिसतो. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला काही आश्वासनं मिळाली. विधिमंडळाचं दरवर्षी एक अधिवेशन नागपूरला घेणं हे त्यांतलं सर्वांना माहीत असलेलं. ‘आश्वासनं पाळली नाहीत’ अशी तक्रार करणारा ब्रीचबद्दल बोलतो, त्याला करार हवा आहे. दर २८ सप्टेंबरला कराराच्या प्रतींची होळी करणारे विदर्भवादी करारच मानत नाहीत. त्यांच्याबद्दल इंग्रजीत बातमी लिहायची तर ‘रिप्यूडिएट’ नेमका बसतो.

पायरी पाचवी: विमा कंपनीचं पत्र

सामान्य घरात हा शब्द शिरतो तो बहुतेक वेळा इथून. ‘वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू दॅट युअर क्लेम स्टँड्स रिप्यूडिएटेड.’ घरातलं कुणी धंतोलीच्या किंवा रामदासपेठेच्या दवाखान्यातून नुकतं घरी आलेलं असतं, किंवा घरात मयत झालेली असते, आणि हे पत्र हातात पडतं. ते वाचून दाखवणाऱ्यानं ‘क्लेम नाकारला’ एवढं सांगून कागद परत देणं हा माझ्या मते त्या घरावर अन्याय आहे. कंपनी म्हणते आहे, की या दाव्यापोटी आमच्यावर पैसे देण्याचं बंधन येत नाही. त्या म्हणण्याला कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं की ते तपासता येतं.

आधी शब्द नीट पाहा. पत्रात ‘क्लोज्ड’ असेल, तर बहुधा कागद वेळेत पोचले नाहीत म्हणून फाइल बंद झाली आहे. ते कागद देऊन ती पुन्हा उघडायची विनंती करा. ‘क्वेरी’ म्हणजे अजून माहिती हवी आहे, निर्णय झालेला नाही. ‘रिप्यूडिएटेड’ म्हणजे दावा तपासून जबाबदारी अमान्य केली आहे. या तिन्हींना लोक सरसकट ‘रिजेक्ट झाला म्हणते कंपनी’ असंच सांगतात. त्यांचं ऐका, पण विश्वास पत्रावर ठेवा.

मग पत्राची तारीख लाल पेनानं अधोरेखित करा, कारण पुढच्या सगळ्या मुदती तिथून मोजायच्या आहेत. त्यानंतर कारण शोधा आणि पॉलिसीतलं कलम शोधा. आरोग्य विम्यासाठी विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा फेटाळताना पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा उल्लेख लागतो. शिवाय कंपनीच्या आढावा समितीच्या मंजुरीशिवाय असा निर्णय घेता येत नाही. ‘पॉलिसीच्या अटींनुसार’ एवढंच मोघम लिहिलं असेल, तर कोणती अट, कोणत्या पानावर, हे कंपनीला लेखी विचारा. मूळ पॉलिसी काढून ती अट शब्दशः वाचा. एजंटानं काय सांगितलं होतं, ते वेगळ्या कागदावर टिपून ठेवा, दोन्ही एकत्र करू नका.

कारण पक्कं धरून ठेवण्यात मोठा फायदा आहे. सौराष्ट्र केमिकल्सच्या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की रिप्यूडिएशनच्या पत्रात जी कारणं दिली, त्यांच्या पलीकडे जाऊन कंपनीला नंतर नवी कारणं पुढे करता येणार नाहीत. म्हणून ते पत्र सुरकुत्या न पाडता जपा, पाकिटासकट.

उशिरा कळवलं म्हणून दावा झिडकारला असेल, तरी लगेच हात टेकू नका. चोरीला गेलेल्या ट्रॅक्टरच्या प्रकरणात, गुरशिंदर सिंग यांच्या २०२० च्या निकालात, पोलिसांत तक्रार लगेच दिलेली होती, विमा कंपनीला मात्र उशिरा कळवलं होतं. केवळ त्या उशिरावरून दावा फेटाळता येणार नाही, असं न्यायालयानं ठरवलं. उलट बाजूही सांगायलाच हवी. प्रस्ताव अर्जात आधीचा आजार लपवला असेल, तर कंपनीची बाजू भक्कम असते. सतवंत कौर संधू यांच्या २००९ च्या निकालात मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार अर्जात सांगितला नव्हता, आणि न्यायालयानं कंपनीचा निर्णय योग्य मानला. तुमच्याकडे आलेल्या माणसाला खोटी आशा देऊ नका. अर्जाची प्रत मागा आणि त्यात काय भरलं होतं ते बघा. पुष्कळदा तो अर्ज एजंटानंच भरलेला असतो आणि सही करणाऱ्यानं वाचलेला नसतो.

आयुर्विम्यात आणखी एक मोठं संरक्षण आहे, विमा कायदा १९३८ चं कलम ४५. पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली, की कोणत्याही कारणावरून तिच्यावर प्रश्न उपस्थित करता येत नाही. ही तीन वर्षं पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची, पुनरुज्जीवनाची किंवा रायडरची (पॉलिसीला जोडलेल्या जादा संरक्षणाची) तारीख, यांतली जी शेवटची असेल तिथून मोजतात. मधे पॉलिसी बंद पडून पुन्हा चालू केली असेल, तर हे नक्की तपासा. तीन वर्षांच्या आत, फसवणुकीचा ठपका नसताना केवळ माहिती चुकीची दिली किंवा दडवली या कारणानं दावा फेटाळला, तर तोवर भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत करावे लागतात. विधवा बाईला हे कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा.

आता दारं कोणती आहेत ते बघू. पहिलं दार कंपनीचंच, तिथल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, फोनसाठी १५५२५५ हा क्रमांक आहे. कंपनीनं महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. नागपूर पुण्याच्या लोकपालांच्या कक्षेत येतं. तक्रार फुकट आहे, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतची भरपाई मागता येते, आणि कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं. तक्रार ऑनलाइन देता येते, त्यामुळे पुणं लांब आहे म्हणून हे दार सोडू नका.

दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, मग कंपनीचं मुख्य ऑफिस मुंबईत असो की चेन्नईत. मुदत दोन वर्षं. कोणत्या आयोगात जायचं ते भरलेल्या हप्त्यांवरून ठरतं, मागितलेल्या रकमेवरून नाही. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग, म्हणजे बहुतेक सगळ्यांसाठी तेच. राज्य आयोगाचं खंडपीठही नागपुरात बसतं, त्यामुळे अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही. दोन्ही दारं एकाच वेळी ठोठावता येत नाहीत. आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल तेच प्रकरण घेत नाहीत. लहान रकमेला आणि एकट्या माणसाला मी आधी लोकपाल सुचवीन. साक्षी-पुरावे गुंतागुंतीचे असतील तर आयोग बरा.

पायरी सहावी: मराठीत काय लिहायचं

मराठीत एक शब्द सगळीकडे बसत नाही, आणि बसवूही नये. आपल्याकडे क्रियापदांची इतकी श्रीमंती आहे, की प्रत्येक कर्माला त्याचं स्वतःचं क्रियापद मिळतं. आरोप फेटाळतात. कर्ज किंवा सही नाकबूल करतात. बंधन, आज्ञा, सत्ता झुगारतात. विवाह अमान्य करतात. हिंसेचा, विषमतेच्या विचाराचा धिक्कार करतात. मागणी धुडकावतात, पण धुडकावण्यात उर्मटपणा आहे, म्हणून न्यायालयीन कागदात तो शब्द टाळा. ‘हात झटकले’ बातमीत चालेल, शपथपत्रात नाही.

विम्यासाठी मी ‘दावा फेटाळून दायित्व अमान्य केले’ असं दोन भागांत लिहितो. लांब होतं, तरी वाचणाऱ्याला कळतं की भांडण दायित्वावर आहे. करारासाठी ‘करार बंधनकारक मानण्यास नकार दिला’. ‘करार रद्द केला’ असं लिहू नका, कारण रद्द करायचा अधिकार त्याला होता की नाही, हाच तर वाद असतो. ‘करार मोडला’ही टाळा, त्यात ब्रीच आणि रिप्यूडिएशन एकत्र मिसळतात. मराठीतून इंग्रजीत जाताना उलट खबरदारी घ्या. साक्षीदार ‘नाही म्हणाला’ असं सांगत असेल, तर आधी ‘ही रिफ्यूज्ड’ लिहा. पूर्ण बंधनच तो मानत नव्हता हे त्याच्या पुढच्या वाक्यांतून दिसलं, तरच ‘रिप्यूडिएट’ उचला.

पायरी सातवी: स्वतः लिहिताना

हा शब्द कळला, की तो वापरायचा मोह होतो. पक्षकाराच्या वतीनं नोटिशीचं उत्तर तयार करताना ‘वुई रिप्यूडिएट ऑल अ‍ॅलिगेशन्स’ लिहायला हरकत नाही. सगळे आरोप अमान्य, एवढाच त्याचा अर्थ होतो. पण ‘वुई रिप्यूडिएट द अ‍ॅग्रीमेंट’ असं वाक्य वरिष्ठांना विचारल्याशिवाय कधीही लिहू नका. त्या एका वाक्यानं तुमचा पक्षकार स्वतःच करार झुगारणारा ठरू शकतो आणि भरपाईचा बोजा त्याच्यावर येऊ शकतो. व्यवहार ताणला गेला आहे, रक्कम चुकीची लावली आहे, मालाचा दर्जा ठरल्याप्रमाणे नाही, अशी तक्रार असेल तर तेवढीच तक्रार लिहा: ‘मागणी अमान्य आहे, करार कायम आहे, आमचे सर्व हक्क राखून ठेवले आहेत.’ आणि पत्र स्पीड पोस्टानं पाठवून पावती फाइलला लावा.